टेकडीकडे तोंड करून

“हलू नका! आहात तिथेच थांबा!”

दुकानाच्या उंबऱ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर, हातात गळणारी छत्री... अशा अवस्थेत ती थांबली. आजवर तिला इतक्या कळकळीनं कुणी थांबवलंच नव्हतं.

आत एक माणूस स्टुलावर चढून उभा होता. हातात दोन लांब दांड्यांचा अँटेना आणि मान मागे वळवून टीव्हीकडे. पडद्यावर एक बाई बातम्या सांगत होती, अगदी स्वच्छ.

“तुम्ही दारात आलात आणि चित्र आलं,” तो म्हणाला. “सकाळपासून झटतोय. माणूस मध्ये उभा राहिला की कधी कधी असं होतं.”

“मग मी काय, दिवसभर इथेच उभी राहू?”

“राहिलात तर बरंच होईल...” तो बोलून गेला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. ती हसली, हसताना हलली, आणि बातम्यांवाल्या बाईच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले.

समोरच्याच चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची. अख्खी गल्ली तिला चष्मेवाली म्हणायची. लोकांच्या नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवायची, भिंगं बदलत विचारायची – “हे बरं, की हे?” दिवसभर हाच प्रश्न. तिला मात्र तो कुणी फारसा विचारला नव्हता. आईवडील लवकर गेले, आत्यानं वाढवलं. पुढे स्थळं आली तशी गेली. आत्या म्हणायची, “या पोरीला विचारलं काय हवंय, तर म्हणते तुला काय हवंय.”

ही आत्या म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर. अजूनही फोन उचलला की “बोला, कोण हवंय?” असंच म्हणायची. तिनं परवाच केबलवाल्याला हाकललं होतं. शंभर चॅनेल आणि बघण्यासारखं एक नाही! तिला हवं होतं ते हवेतून फुकट येणारं एक चॅनेल. त्यावर रोज दुपारी जुना सिनेमा लागतो. त्यासाठी घरात बसेल असा अँटेना आणायचा होता.

“खिडकीतून काय दिसतं?” अँटेनावाल्यानं स्टुलावरून उतरत विचारलं.

“का? स्थळ बघायला येणार आहात?”

“अँटेनासाठी विचारतोय हो!”

“एका बाजूला पाण्याची टाकी. दुसऱ्या बाजूला, लांब, टेकडी.”

“मग काम सोपं आहे. टॉवर टाकीच्या मागेच आहे. अँटेनाचं तोंड टाकीकडे करायचं, की झालं. टेकडीवरही एक टॉवर आहे, पण त्याचं आपल्या इथे काही धड येत नाही.”

तिनं कपाटातल्या सगळ्यात मोठ्या खोक्याकडे बोट दाखवलं. त्यात सिग्नल वाढवणारी डबीही होती.

“तो नको. जवळच्या माणसाशी बोलायला भोंगा कशाला? उलट कान किटतात. हा चपटा न्या, काचेला चिकटवा. नाही आवडला तर बदलून देईन.”

खोक्यावरची बारीक अक्षरं वाचताना त्यानं ते हातभर लांब धरलं होतं. तिच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“तुम्हाला नंबर आलाय.”

“अहो, छे! वय काय माझं?”

“नंबर वय विचारून येत नाही,” ती म्हणाली आणि छत्री तिथेच विसरून गेली.

चपटा अँटेना खरोखरच परत आला. आत्याला काचेवर तो काळा चौकोन खपेना. “माझ्या कुंड्यांचं ऊन अडवतो मेला!” मग तिनं दोन दांड्यांचा नेला. त्यावर चित्र असं आलं, की आत्यानं जेवणाचं ताट मांडीवर घेऊन अख्खा सिनेमा पाहिला. तरी दुसऱ्या दिवशी चष्मेवाली तो खोक्यात घालून परत दुकानात हजर!

“नाही येत चित्र?”

“तसं येतं... पण...”

“पण काय?”

“म्हणजे, मनासारखं नाही.”

त्यानं खोकं उघडलं. दांड्यांना आत्याच्या घरातली धूळसुद्धा लागली नव्हती. तो नुसताच हसला, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून, आणि तिला वाटलं, पकडली गेले. पण त्यानं मुकाट्यानं ते मोठं खोकं काढलं – डबीवालं, ज्याला तो स्वतःच नको म्हणाला होता. “हा बघा. हा चालणार नाहीच... पण बघा.”

घरी येताना तिचं तिलाच नवल वाटलं, न चालणारा अँटेना घेऊन माणूस इतका खूश कसा असतो!

तो अर्थातच चालला नाही. पण ती तो परत न्यायच्या आधी अँटेनावालाच चष्म्याच्या दुकानात आला. “ते... नंबराचं म्हणत होतात.”

तिनं लोखंडी फ्रेम त्याच्या नाकावर बसवली. खोलीत अंधार, समोर उजळलेली अक्षरं. त्याच्या अंगाला गरम तारेचा, कथील वितळवून डाख दिल्याचा वास होता.

“हे बरं, की हे?”

“जरा परत दाखवा.”

“हे... की हे?”

“परत.”

“अहो, अक्षरांकडे बघा! माझ्याकडे काय बघताय?”

“अक्षरं तिथेच आहेत,” तो म्हणाला. मग आवाज उतरवून, “मी नसणार फार दिवस. टेकडीवरच्या टॉवरवर नोकरी मिळालीय. देखभालीची. राहायचं पण तिथेच.”

तिच्या हातातलं भिंग फ्रेमच्या खाचेत बसेना. किती वर्षांची सवय, आणि बसेना!

“अभिनंदन,” ती म्हणाली. “छान झालं... लांब आहे ना?”

“दिसते तेवढी जवळ नाही.”

थांबा, असं म्हणायचं होतं तिला. त्यानं पहिल्या दिवशी तिला म्हटलं होतं तसं – आहात तिथेच थांबा. पण कुणाची चालून आलेली नोकरी आपण कशी अडवायची? आणि कुठल्या नात्यानं? तिनं कागदावर नंबर लिहिला. “चष्मा चार दिवसांत होईल.”

“येईन न्यायला,” तो म्हणाला. “आणि जायच्या आधी तुमचा अँटेना नीट लावून देतो. नाहीतर आत्या मला शिव्या देतील.”

तो घरी आला तेव्हा आत्यानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “तूच होय तो? ही घरात सारखी तुझ्या अँटेनांना नावं ठेवते.”

“आत्या!”

“खोटं बोलतेय का मी?”

त्यानं दोन दांड्यांचाच अँटेना परत आणला होता. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून तो त्याला हळूहळू फिरवू लागला. लांब बोटं, नखाजवळ जुना भाजल्याचा डाग. दांडी थोडी वर, थोडी खाली... ती त्याच्या हातांकडे बघत होती. दिशेकडे कोण बघतंय? एकदा त्याचे हात थांबले, बराच वेळ तसेच राहिले. मग त्यानं अँटेनाच्या बुडाभोवती चिकटपट्टीची खूण केली.

“हा हलवू नका,” तो म्हणाला. आत्याला म्हणाला, पण बघत होता तिच्याकडे. “शक्यतो... असाच राहू द्या.”

बोलावणं लवकर आलं म्हणून तो दुसऱ्याच दिवशी गेला. तो कामाला होता त्या दुकानाचा मालक म्हणाला, निरोप घ्यायलाही थांबला नाही. चष्मा तयार होऊन आला आणि तिच्या खणात पडून राहिला. गिऱ्हाईक नसलं की ती तो काढायची, काचा पुसायची, परत ठेवायची. न वापरलेल्या चष्म्यावर कसली आलीय धूळ? पण पुसायची. संध्याकाळी टेकडीवर टॉवरचा लाल दिवा लागला की पडदा सारायला म्हणून खिडकीशी जायची आणि पडदा तसाच राहायचा.

इकडे आत्याची कुरकुर सुरू झाली. “जरा बस गेली, की चौकोन! नायिका रडायला लागली, की चौकोन! आधी हाच अँटेना किती छान चालत होता.”

“मग हलव की थोडा.”

“तो हलवू नका म्हणाला ना?” आत्या उठली. चष्मा कपाळावर सरकवून कट्ट्याशी गेली. अँटेनाच्या मागे डोकं नेऊन, बंदुकीचा नेम धरावा तशी, एक डोळा मिटून बघू लागली. बराच वेळ बघितलं.

“टॉवर कुठे गं?”

“टाकीच्या मागे.”

“आणि या अँटेनाचं तोंड?”

चष्मेवाली जवळ आली. वाकली. दांड्यांच्या मधून, चिकटपट्टीच्या खुणेच्या नेमक्या रोखानं, लांबवर टेकडी दिसत होती. दुसरं काहीच नाही.

“चुकला असेल,” ती पुटपुटली. कान तापले होते.

“चुकला?” आत्या सावकाश परत खुर्चीत बसली. “अगं, कुणाला कुठे जोडायचं, आयुष्यभर हेच केलंय मी. अँटेना विकणाऱ्याला टॉवर माहीत नाही होय? माझ्या सिनेमाचा बळी देऊन त्यानं हा तिकडे लावलाय. मुलगा बुजरा आहे, एवढंच. आता पलीकडून कुणी उचलायचंय की नाही?”

“पण तू एकटी...”

“पुन्हा तेच! मला काय हवंय ते नंतर बघू. तुला कोण हवंय ते बोल.”

ती अगदी हळू म्हणाली, “तो.”

“हं. मोठ्यानं सांगायचं ते त्याला सांग.”

सुट्टीच्या दिवशी तिनं सकाळची बस धरली. शेवटच्या थांब्यापासून पुढे चढ होता. वारा ओढणी ओढत होता, जसा काही तोही आत्यानंच पाठवलेला. तारेच्या कुंपणाआड बसकी इमारत, तिच्या डोक्यावर तो उंचच उंच टॉवर, आणि पायरीवर तो – हातात कसलीशी माहितीपुस्तिका, हातभर लांब धरलेली.

त्यानं वर पाहिलं. उठलाच नाही. जणू उठला तर चित्र जाईल.

“चष्मा राहिला होता तुमचा,” ती म्हणाली. धाप लागली होती. “आणि अँटेना उलटा लावलाय तुम्ही.”

“हो,” तो म्हणाला. “माहितीय.”

“तोंडानं सांगता येत नव्हतं?”

“चार वेळा ठरवलं होतं. मग वाटलं, इतक्या लांब, या वाऱ्यात... तुम्हाला कशाला...” तो थांबला. “तुमच्या आत्याही आहेत.”

“आत्याचं आत्या बघेल. मला विचारा ना, काय हवंय.”

त्यानं विचारलं नाही. ती त्याच्यासमोर वाकली, खणातून काढून इतके दिवस पुसलेला चष्मा त्याच्या नाकावर बसवला, काड्या कानांमागे नीट केल्या. बोटं तिथेच थांबली.

“हे बरं,” तिनं विचारलं, “की लांबून?”

त्याचे डोळे काचांमागे भरून आले. “रोज इथून तुमची खिडकी शोधायचो,” तो म्हणाला. “टाकी दिसायची, खिडकी नाही. वाटायचं, डोळ्यांचाच दोष.”

“हा तर जवळचं बघायचा चष्मा आहे. आता जवळ बघा.”

“आता कशाला तिकडे बघू?” आणि त्यानं तिचे हात धरून ठेवले. “हलू नकोस. आहेस तिथेच थांब.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आत्या. मागे सिनेमातलं गाणं खणखणीत ऐकू येत होतं.

“बोला, लागला का नंबर?”

“लागला,” ती म्हणाली. हसू, रडू, वारा, सगळं एकदम. “आत्या, गाणं इतकं स्वच्छ कसं येतंय?”

“फिरवला मी अँटेना टाकीकडे. आता तू स्वतःच गेलीस ना तिकडे? मग त्या बिचाऱ्यानं कशाला मान वाकडी करून बसायचं? ठेवते. नायिका रडायला लागलीय.”