दव: दोन ठिकाणी

सांगतो. पण मध्येच कोणी उठायचं नाही, आणि ते दार तेवढं लोटून घ्या.

माझे साडू एका तपासणीच्या कारखान्यात रात्रपाळीला होते. तिथं खोलीएवढी एक थंड पेटी होती. यंत्रांचे भाग त्यात गोठवायचे, मग हळूहळू कोमट करायचे. कोमट करताना त्यांच्यावर दव धरलं, की आठवड्याची मेहनत मातीत. म्हणून नळीतून आत सतत कोरडा नायट्रोजन सोडायचा. सगळे त्याला ‘कोरडी हवा’ म्हणत. साडू दर अर्ध्या तासानं दाराच्या काचेतून बघायचे आणि वहीत लिहायचे, ‘दव: नाही’.

त्यांच्या आधी या कामावर एक बुटका माणूस होता. पाऊणदादा म्हणायचे त्याला. त्याचा जीव त्याच पेटीत गेला. कसा, ते कोणी नीट सांगत नसे.

गुरुवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आतली एक वायर निसटली. साडू जर्किन चढवून निघाले.

वॉचमन म्हणाला, ‘‘भाऊ, आधी नळी तरी बंद करा.’’

‘‘आणि दव धरलं तर तू पुसणार? अरे, हवाच आहे ती. हवेनं कोणी मरतं का?’’

वॉचमन हसत फाटकाकडे गेला. त्याची खुर्ची तिकडेच, आणि झोपही तिकडेच.

वायर जोडली. मागे दार बसलं. धप्प.

आतली कडी फिरत होती, दार हलत नव्हतं. फोन आणि वही बाहेर, टेबलावर. साडूंनी हाका मारल्या, लाथा घातल्या. भिंती वीतभर जाड. नळी फुसफुसत होती.

थोड्या वेळानं त्यांना झोप येऊ लागली. घुसमट नाही, दम लागणं नाही. नुसती गोड झोप... त्यांनी काचेला कपाळ टेकलं. श्वासाचा गोल उमटला.

आणि खाली, छातीच्या उंचीवर... दुसरा.

साडूंनी श्वास रोखला. वरचा गोल विरला. खालचा येत राहिला. मोठा. मग लहान. मग आणखी लहान...

मग आलाच नाही.

तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही हवा नव्हे.

त्यांनी नळी दुमडली. दोन्ही हातांनी आवळली. फुसफुस थांबली. बोटं बधिर झाली, पण सोडली नाही. तीन वाजले असतील. चार...

खालचा गोल परत आला होता. येत होता, जात होता. सोबत म्हणावी, की पाळत?

सहाला दिवसपाळीचा माणूस आला. दोघातिघांनी मिळून दार ओढलं, साडूंना बाहेर बाकावर बसवलं, पाणी दिलं. पेटी पुन्हा बंद केली. बऱ्याच वेळानं साडूंच्या बोटांत जीव आला.

दिवसपाळीवाला वही चाळत म्हणाला, ‘‘कमाल आहे हं, भाऊ. आत अडकलात, पण नोंद एकही चुकवली नाहीत!’’

‘‘कसली नोंद?’’

साडूंनी वही ओढून घेतली. अडीच. दव: दोन ठिकाणी. तीन. दव: दोन ठिकाणी. साडेतीन... अशा थेट सहापर्यंत. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. साडूंचं नव्हे.

त्याखाली आणखी एक ओळ होती. साडूंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेसहा वाजून एक मिनिट.

‘साडेसहा. दव: एका ठिकाणी.’

साडूंनी ओळीवर बोट ठेवलं. शाई बोटाला लागली.