परक्या घरची आगारी

आखाजीला, पितरांना घागर भरून पाणी द्यायच्या दिवशी, कोणी कामाला निघत नाही. सुकदेव निघाला. जळगावात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सणासुदीला घर खायला उठे. बायको यशोदा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तिच्या नावाची घागर त्याने एकदाही भरली नव्हती. एकट्यासाठी कुठे एवढं मांडत बसायचं, हे आपलं लोकांना सांगायला. खरं तर तिचं नाव घ्यायचाच धीर होत नव्हता.

काम शिरपूरला होतं. अभिमन नानांचा एकुलता मुलगा नवल गेल्या पावसाळ्यात अपघातात गेला. तो रोज कॉम्प्युटरवर डायरी लिहायचा, आणि आता हार्ड डिस्कच सुरू होत नव्हती. नानांना ती डायरी हवी होती, दुसरं काही नको.

सुकदेवने वायरी बदलल्या. डिस्क काढून मनगटाने हिसका दिला. जुन्या डिस्कची आतली तबकडी अडकते, कधी हिसक्याने सुटते. ही सुटली नाही. पुन्हा जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, डिस्क गप्प.

बारा वाजले. उन्हाने गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नानांनी घागर भरून वर खरबूज ठेवलं, आगारीच्या, म्हणजे पितरांच्या नैवेद्याच्या, निखाऱ्यांवर तूप-पोळीचा घास सोडला आणि हाक मारली, "नवल..." जळक्या तुपाचा वास खोलीत कोंडला. काही हललं नाही. नाना तसेच बसून राहिले.

मग तेच हळू म्हणाले, "तुमनं कोन्ही व्हई त नाव ल्या, भाऊ."

परक्या घरी आपलं माणूस बोलवू नये, असं सुकदेवची आई सांगायची. तरी तोंडातून गेलंच. "यशोदा..."

डिस्क फिरू लागली.

"ऊना," नाना म्हणाले. "मना नवल ऊना." मुलगा आला म्हणून ते रडत होते. डिस्क कोणाच्या नावावर फिरली, हे सुकदेव बोलला नाही. त्याने घाईघाईने डायरी फ्लॉप्यांवर उतरवली. शेवटची फ्लॉपी भरली आणि डिस्क थांबली, ती थांबलीच. नानांना आता तिचं काम नव्हतं. त्यांनी ती त्यालाच देऊन टाकली.

दिवेलागणीला तो घरी पोचला. आज धीर आला होता. डिस्क पिशवीतून काढून फडताळावर ठेवली, घागर काठोकाठ भरली, निखाऱ्यांवर घास सोडला. यशोदाला हाक मारली. दोनदा, तीनदा... घर होतं तसंच रिकामं राहिलं.

त्याची नजर डिस्ककडे गेली. का कोण जाणे, तो पुटपुटला, "नवल...?"

फडताळावर, एकही वायर नसलेली डिस्क फिरू लागली.

सुकदेव भिंतीला टेकून खाली बसला. परक्या घरी बोलावलेली यशोदा कुठे राहिली, ते त्याला आत्ता कळलं. शिरपूरची शेवटची एसटी केव्हाच गेली होती. तिच्यासाठी भरलेल्या घागरीतलं पाणी दोन बोटं उतरलं होतं.