मजला नसलेली खिडकी

त्या दिवशी पार्क बंद होतं, आणि बंद पार्कात हिंडण्याइतकं सुख ताईला दुसऱ्या कशात नव्हतं. लोक पाळण्यात बसायला येतात. ही लहानपणापासून यायची ती दारांच्या कड्या बघायला. बाकीची पोरं आइसक्रीमसाठी भोकाड पसरायची, तेव्हा ही भिंतीवर रंगवलेल्या खोट्या गंजाला नख लावून बघत असायची. आता त्याच पार्कात तिला नोकरी होती. कुठे रंग उडालाय, कुठला दिवा गेलाय, ते हेरायचं. हाताखालची माणसं तिला पाठीमागे 'भिंग' म्हणत आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

बरोबर अप्पा होते, तिचे वडील. एके काळी दर रविवारी तिचं बोट धरून इथे आणणारे तेच. आता त्यांचं बोट हिला धरावं लागे. चहा पिऊन कप खाली ठेवायचे आणि विचारायचे, आज चहा नाही का? घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. निघताना त्यांच्या शर्टाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबताना दिसलं. संध्याकाळी टाका घालते, असं म्हणून ती तशीच निघाली.

काम जुन्या गल्लीत होतं. जुनी म्हणायची एवढंच, बाकी ती गल्ली म्हणजे निव्वळ डोळ्यांची फसवणूक. खालची दुकानं माणसाच्या मापाची आणि वरचा मजला मुद्दाम लहान केलेला, म्हणजे खालून बघणाऱ्याला घरं उंचच उंच वाटावीत. वरच्या खिडक्या एवढ्याशा, आणि आत मजलाच नाही. नुसते लोखंडी टेकू. कोपऱ्यातल्या खिडकीला पिवळा पडदा होता, पिवळ्याच दोऱ्याने शिवलेला, आणि त्यामागे एक स्पीकर. पार्क चालू असलं की त्यातून भांडी वाजायची आणि एक बाई म्हणायची, "आले हं, दोन मिनिटं." लहानपणी ताई खाली ताटकळत उभी राहायची, ती बाई येते कधी ते बघायला. बाई काही यायची नाही.

अप्पांना बाकावर बसवून ती एका दाराचे पोपडे बघायला वळली. किती वेळ लागतो पोपडे बघायला? मागे पाहते तर बाक रिकामा.

आधी तिने नेहमीच्या आवाजात हाक मारली, मग मोठ्याने. गल्लीच्या टोकाला होड्यांचा कालवा होता, अंधाऱ्या बोगद्यात शिरणारा, आणि सकाळीच तो काठोकाठ भरला होता. अप्पांना पोहता येत नव्हतं. तिने एकेक दुकान ढकलून पाहिलं. दारं नुसती रंगवलेली, उघडणार कुठून? वायरमनला फोन लावला, तर तो म्हणाला की दुरुस्तीसाठी अख्ख्या गल्लीची वीज त्याने सकाळपासून तोडलीय, कॅमेरेही बंद आहेत, पण माणसं घेऊन लगेच निघतो.

फोन ठेवला आणि तिला वास आला. इस्त्रीखाली सुती कापड तापल्याचा.

वर एक भांडं वाजलं.

"आले हं..."

ताई जागच्या जागी थिजली. वीज नव्हती. आत्ताच तर त्याने सांगितलं होतं, वीज नाही.

"दोन मिनिटं..." आणि मग कुणीतरी खिडकीतून वाकून बोलावं तसा, अगदी हळू, रेकॉर्डिंगमध्ये कधीच नसलेला आवाज आला, "...पाण्याकडे जा गं. बसवून ठेवलंय त्यांना."

ती धावत सुटली.

धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर अप्पा बसले होते. पाण्यापासून वीतभर अंतरावर, दोन्ही हात मांडीवर ठेवून, अगदी शहाण्यासारखे. तिने त्यांना मिठी मारली, मग ती रागावली, मग रडली, आणि पुन्हा मिठी मारली.

"अगं, मी होडीत बसायला निघालो होतो," अप्पा म्हणाले. "त्या बाई म्हणाल्या, दोन मिनिटं बसा, मुलगी येतेय."

"कुठल्या बाई, अप्पा?"

अप्पांनी आपल्या कमरेशी आडवा हात धरून उंची दाखवली. "एवढ्या. फार मायाळू."

वायरमन आला, त्याने डोकं खाजवलं, कुठेतरी बॅटरी जोडलेली राहिली असेल म्हणाला. ताईने हो हो केलं. तिला काय करायचं होतं बॅटरीशी? अप्पा सापडले होते. भुताने आणून दिले असते तरी तिने त्याला बसवून चहा पाजला असता. परत जाताना त्या खिडकीखाली ती थांबली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून पुटपुटली, "उपकार झाले हं." वरून उत्तर आलं नाही, ते एक बरंच झालं. पडद्याची खालची दुमड मात्र उसवून लोंबत होती. सकाळी ती नीट होती. उद्या शिडी लावून कुणाला तरी वर चढवायला हवं, असं तिने मनाशी ठरवलं.

घरी आल्यावर अप्पा पोटभर जेवले आणि जेवण कधी आहे म्हणून विचारू लागले. ताईला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांचा शर्ट बदलून, सुईदोरा काढून ती दिव्यापाशी बसली.

बटण घट्ट बसलेलं होतं.

पिवळ्या दोऱ्याने. टाके इतके बारीक, की घालणाऱ्या बोटांचं माप ताईला बघताक्षणी कळलं. तिचं कामच ते. तिने शर्ट उलटा केला. आत गाठ मारून दोरा दाताने तोडलेला होता.

दोऱ्याचं टोक अजून ओलं होतं.