मागचं हसू

दुपारचा चहा आला की प्रकाशन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांच्या खुर्च्या आपसूक एकाच टेबलाकडे वळत. ते टेबल मुखपृष्ठं करणाऱ्या पारखींचं. पारखी हे काही त्यांचं आडनाव नव्हे. इंटरनेटच्या उकिरड्यातून रोज एक रत्न उचलून आणतात म्हणून ऑफिसने दिलेली ती पदवी होती.

कधी एखाद्या पाककृतींच्या पुस्तकाचं शुद्धिपत्र असे: "'मासे टाळा' ऐवजी 'मासे तळा' असे वाचावे." आणि त्याच्या मथळ्यात 'शुद्धिपत्र' हाच शब्द चुकलेला. कधी सिनेमाचं पोस्टर, त्यात नायकाचे दोन्ही हात कमरेवर आणि तिसरा नायिकेच्या खांद्यावर. एकदा तर भाषण ऐकून आपोआप लिहिणाऱ्या यंत्राने वक्त्याची शिंक 'अध्यक्ष महोदय' अशी टिपली होती.

संपादक बाईंना पारखींचं भारी कौतुक. गमतीजमती काय, कुणीही पुढे ढकलतं. पण कुणाच्या व्यंगावर, कुणाच्या फजितीवर हसवणारं पारखींच्या हातून कधी आलं नाही. थोरली बहीण गेल्यापासून बाई हसणं विसरल्या होत्या. 'अध्यक्ष महोदय' वाचलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. घरी जाऊन आईला सांगतानाही पुन्हा हसू फुटलं. आईला दिसत नसे. तिने लेकीच्या हसण्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाली, "आलीस का गं परत?" तेव्हापासून पारखींचा रोजचा ऐवज आईच्या ताटाशेजारी वाढला जाई.

मग पारखींना ते तुकडे सापडले. टीव्हीवरच्या कुठल्याशा जुन्यापुराण्या विनोदी मालिकेचे, काळेपांढरे. भाषा कुठली ते कुणालाच कळेना, पण कळायची गरजही नव्हती. एक कारकून टाइपरायटरशी झटापट करतोय, प्रत्येक ओळीला यंत्र त्याचा टाय आणखी वीतभर गिळतंय, आणि मागे न दिसणारे प्रेक्षक खो खो हसतायत.

"अहो काका, हे तर तुम्ही!" चिमणी ओरडली. चिमणी म्हणजे पुस्तकांची पानं लावणारी पोरगी. आणि खरंच, त्या हशात एक हसू उचकी लागल्यासारखं अडकत अडकत वर चढत होतं. हुबेहूब वितरण सांभाळणाऱ्या काकांचं.

"माझा जुळा दिसतोय," काका म्हणाले. सगळे पुन्हा हसले. काका तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही नाहीत. आजारी नव्हते, उदास नव्हते. डबा खात, फोन घेत. पारखींनी काही दाखवलं की मन लावून बघत आणि म्हणत, "छान आहे."

"काका, रागावलात का?" चिमणीने विचारलं.

"नाही गं. गंमत कळते मला. कळल्यावर पुढे काय करायचं असतं, ते आठवत नाही."

पुढच्या तुकड्यात एक माणूस पुस्तकांचा मनोरा डोक्यावर घेऊन जिना चढत होता. मागच्या हशात बारीक टिवटिव ऐकू आली. "अय्या, ही मी!" चिमणी म्हणाली आणि हसायला तिने तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. मग तिने ते मिटलं आणि कामाला लागली. तो तुकडा तिच्या आजीच्या वयाचा असेल.

बाईंनी पारखींना जिन्यात गाठलं. "बंद करा ते."

"दाखवणं बंद केलंय," पारखी म्हणाले. "ऐकणं नाही. एकेक करून सगळे ऐकतोय."

"कशाला?"

"तुमचं शोधायला. आपलं हसू आपल्याच कानावर पडलं की जातं, एवढं मला उमगलंय. तुमचं कुठे आहे ते कळलं, तर तुमच्यापर्यंत पोचू देणार नाही."

"आणि आधी तुमचंच निघालं तर?"

पारखींनी खांदे उडवले. "तुमच्या घरी कुणीतरी वाट बघत असतं."

बाईंनी परोपरीने समजावलं. पण पारखी रोज हेडफोन लावून बसत राहिले. मग एका दुपारी त्यांनी ते काढून ठेवले.

"सापडलं. फार छान हसता तुम्ही. कुठल्या तुकड्यात ते विचारू नका."

"आणि तुमचं?"

"त्याच्या आदल्याच तुकड्यात," ते म्हणाले. प्रुफात राहिलेला काना दाखवावा इतक्या सहज.

पारखींनी स्क्रीन बाईंकडे वळवली. एका फोनचं माहितीपत्रक होतं: 'फोन हरवल्यास त्याच फोनवरून आम्हाला कळवावे.' बाईंनी ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. पारखी त्यांच्याकडे निरखून बघत होते, मुखपृष्ठावरचा रंग बरोबर उतरलाय का ते बघावं तसे.

"जमलं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा हलला नाही.

असा माणूस पुन्हा भेटायचा नाही, असं मनाशी म्हणत बाई उन्हं कलायच्या आतच घरी निघाल्या. आईला आज सगळं सांगायचं होतं.

दार नुसतंच लोटलेलं होतं. आत टीव्ही चालू होता. कुणी पुरुष न कळणाऱ्या भाषेत काहीतरी बोलत होता. आई खुर्चीत होती, हसून हसून लालबुंद झालेली.

"कोण आहे?" तिने दाराकडे मान वळवली.

"मी गं."

"तू?" आई गोंधळली. तिने टीव्हीकडे बोट केलं. "तू तर मघापासून इथे आहेस."

बाई रिमोट शोधू लागल्या. टेबलावर नव्हता. उशीखाली नव्हता.

टीव्हीतला माणूस बोलायचा थांबला.

आईने हात वर करून लेकीला गप्प केलं. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"थांब," ती कुजबुजली. "आत्ता परत हसशील बघ."