वजीरआजोबा हरले कसे?

"शह... आणि मात!" शेपूट खुर्चीवरून असा उडाला की पटावरची दोन प्यादी गडगडत पलंगाखाली गेली. "हरवलं! मी वजीरआजोबांना हरवलं!"

शेपूट दहा वर्षांचा. मोठ्या बहिणीची पाठ सोडत नाही, म्हणून शेपूट. आणि वजीरआजोबा म्हणजे चौथ्या मजल्यावर एकटे राहणारे बुद्धिबळाचे निवृत्त शिक्षक. थंडीची सुट्टी लागली की इमारतीतली मुलं रोज सकाळी त्यांच्याकडे खेळायला जमत. आजवर त्यांना कुणी हरवलं नव्हतं. शेपटाने तर नाहीच नाही!

आजोबा पटाकडे बघत बसले होते. "माझा उंट इथे कुठून आला?" त्यांनी कपाळ चोळलं. "डोकं ठणकतंय रे पोरांनो. आज इतकंच पुरे."

"आजोबा, तुम्ही मुद्दाम हरलात ना?" वकिलाने विचारलं. हा दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा. त्याला 'जेवायला ये' म्हटलं तरी तो 'का?' असं विचारायचा.

"मुद्दाम? छे रे," आजोबा पुटपुटले.

खोलीतली चौथी व्यक्ती एव्हाना खिडकीपाशी पोचली होती. शेपटाची ताई. चौदा वर्षांची. तिने कडी सरकवून दोन्ही दारं सताड उघडली आणि गार वारा भस्सकन आत शिरला.

"झालं हिचं सुरू!" वकील कुडकुडला. "खिडकी, अगं थंडी आहे!"

सगळे तिला खिडकीच म्हणत. वर्षापूर्वी म्हणत नव्हते. तेव्हा ती भिंतीवरून उड्या मारायची, सायकल हात सोडून चालवायची आणि गुडघे फोडून घरी यायची. मग मावशीकडे राहायला गेली असताना ती आंघोळीला गेली. न्हाणीघरातली हवेची झडप बंद होती आणि भिंतीवर गॅसचा हीटर पेटलेला होता. मावशीने दार फोडलं तेव्हा ती फरशीवर पडली होती. दवाखान्यात शुद्धीवर आली, तेव्हा आई पायाशी डोकं टेकून झोपली होती, आणि डॉक्टर बाबांना हळू आवाजात सांगत होते, "थोडा जरी उशीर झाला असता ना..."

तेव्हापासून ती जाईल तिथे खिडक्या उघडायची. न्हाणीघराला कडी लावायची नाही. बाहेर शेपटाला उभं करायची आणि तो दर थोड्या वेळाने ओरडायचा, "ताई, आहेस का?" आतून उत्तर यायचं, "आहे!" शेपटाने याचा कधी कंटाळा केला नाही. फक्त एकदा म्हणाला होता, "ताई, जरा लवकर आटप ना, मला शूला लागलीय."

तेवढ्यात आजोबांचा मुलगा आला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. स्वयंपाकघरात डोकावून त्याने कपाळावर हात मारला. "बाबा, पुन्हा दूध उतू गेलं! काल किल्ल्या फ्रिजमध्ये होत्या! असं कसं चालेल?" मग मुलांना बाजूला घेऊन तो म्हणाला, "रविवारी त्यांना वृद्धाश्रमात नेतोय. तुम्ही आता त्रास देऊ नका. वय झालंय त्यांचं."

तो वाईट नव्हता. बोलताना त्याचाच आवाज चिरकला होता.

जिन्यात येताच वकील पायरीवर ठाण मांडून बसला. "हरकत आहे! काल संध्याकाळी बागेत आजोबांनी आपल्या तिघांना एकाच वेळी हरवलं. बरोबर? परवाही! मग वय काय फक्त सकाळी होतं?"

"आणि फक्त घरातच?" खिडकी हळूच म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सकाळी गुडघे दुखतात म्हणून आजोबा गरम पाण्यात पाय शेकत बसतात. कितीतरी वेळ. न्हाणीघरात गॅसचा हीटर आहे. मलाही आधी तसंच झालं होतं. डोकं ठणकतं, मळमळतं, साधी गोष्ट आठवत नाही."

"पण वास तर काहीच आला नाही!" शेपूट म्हणाला.

"त्या वायूला वास नसतो. म्हणून तर कळत नाही."

"पण हीटर जुना आहे," वकील अडून बसला. "इतकी वर्षं काही झालं नाही, ते आत्ताच का? काहीतरी बदललं असणार!"

हीटरचा धूर नळकांड्यातून भिंतीमागच्या उभ्या पोकळीत जायचा आणि पोकळी गच्चीवर उघडायची. आता गच्ची बघायलाच हवी होती. पण गच्चीला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरीकाकांच्या कमरेला!

"काका," दहा मिनिटांनी वकील त्यांच्या दारात अगदी गरीब चेहरा करून उभा होता, "आमचं शटल गच्चीवर गेलं."

"पाचव्या मजल्याच्या वर? मारलं कुणी?"

"याने!" दोघांनी शेपटाकडे बोट दाखवलं. काकांनी शेपटाच्या काडीसारख्या दंडाकडे बघितलं. शेपटाने लगेच दंड फुगवून दाखवला.

काकांना हसू फुटलं. त्यांनी कुलूप काढलं आणि ते दारातच फोनवर बोलत उभे राहिले. मुलं धावली. कोपऱ्यात पोकळीचं तोंड होतं. त्यावर निळी जाड ताडपत्री ताणून, कडेने विटा ठेवून घट्ट आवळली होती. कुठे फट म्हणून नव्हती!

"काका, हे कधी बांधलं?"

"महिना झाला असेल. कबुतरांनी वैताग आणला होता." काका अभिमानाने म्हणाले, "एक पीस आत जाणार नाही!"

"पण मग आतला धूर बाहेर कुठून जाणार?" खिडकी म्हणाली. "सोडा ना ती, प्लीज. आजोबांना त्रास होतोय त्याने."

"शटलच्या नावाखाली चौकशा होय? चला, उतरा खाली! आता पोरं शिकवणार मला इमारत कशी सांभाळायची!" कुलूप पुन्हा खाडकन लागलं.

खिडकीने संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. आईने हातातलं काम ठेवून तिला जवळ घेतलं. "बाळा, तुझ्यावर जे गुदरलं ना, त्यामुळे तुला सगळीकडे तेच दिसतं गं. मी रविवारी बोलते हं सेक्रेटरींशी." आईचा हात पाठीवरून फिरत होता आणि त्या मायेनेच खिडकीला जास्त रडू येत होतं. तिने आजोबांनाही गाठलं. "उद्या हीटर लावू नका. मला वचन द्या." आजोबांनी वचन दिलं.

पण सकाळी डोळे उघडताच तिच्या मनात आलं, ज्यांना किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही, त्यांना वचन कसं आठवेल?

बाबांनी तिच्या अपघातानंतर घरात विषारी वायूचा भोंगा बसवला होता. हवा बिघडली की तो किंचाळायचा. खिडकी स्टुलावर चढली आणि तिने तो भिंतीवरून ओढून काढला. "शेपटा, वकिलाला उठव! आत्ता!"

मुलं येतात म्हणून आजोबांचं दार सकाळी नुसतं लोटलेलं असायचं. खिडकीने ते ढकललं मात्र, हातातला भोंगा कर्कश ओरडू लागला!

आजोबा खुर्चीत होते. पाय पाण्याच्या टबात, मान छातीवर. आतून हीटरची घरघर ऐकू येत होती.

"आजोबा!" वकील धावला.

"थांब! एक मोठा श्वास घे, आत शिरलास की घेऊ नकोस! त्यांना ओढून जिन्यात आण. शेपटा, तू आत यायचं नाही. सगळ्यांच्या बेल वाजव, दवाखान्याची गाडी बोलवायला सांग!"

तिने छाती भरून श्वास घेतला आणि दोन्ही खिडक्या उघडल्या. मग न्हाणीघर. उंबरठ्यावर तिचे पाय अडले. आत वाफ होती, निळी ज्योत होती, ओली फरशी होती. अगदी तशीच. मागून शेपटाचा रडवेला आवाज आला, "ताई! आहेस का?"

उत्तर द्यायला श्वास नव्हता. तिने डोळे मिटले नाहीत. दोन ढांगांत हीटर गाठला, गॅसचा खटका फिरवला, झडप ढकलली आणि बाहेर पळाली. वकील आजोबांना काखेत धरून ओढत होता. तिने त्यांचे पाय उचलले आणि दोघं धडपडत जिन्यात आली. आजोबांच्या घशातून खोकला निघाला. इतका छान खोकला त्या दोघांनी आयुष्यात ऐकला नव्हता!

"कोण भोंगा वाजवतंय?" सेक्रेटरीकाका ओरडतच वर आले आणि आजोबांना बघून जागीच थिजले.

पाचव्या मजल्यावरची काकू तान्ह्या बाळाला घेऊन उतरत होती. "झालं काय? माझंही डोकं दोन दिवस फुटतंय. नशीब, बाळ तेवढं शांत आहे. कालपासून नुसतं झोपून आहे."

खिडकी ताडकन उभी राहिली. "काकू, त्याला खाली न्या! मोकळ्या हवेत! त्याच पोकळीला लागून तुमचं घर आहे!"

काकूने एक प्रश्नही विचारला नाही. ती धावत सुटली. आणि सेक्रेटरीकाका? ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन उलट्या दिशेने धावले. थोड्या वेळात गच्चीवरून विटा पडल्याचे आवाज आले, आणि निळी ताडपत्री भिरभिरत अंगणात येऊन पडली.

आजोबा आणि बाळ, दोघांनाही दवाखान्यात प्राणवायू दिला. डॉक्टर म्हणाले की दोघं बरे होतील. गॅस कंपनीच्या माणसाने घराघरातले हीटर तपासले आणि पोकळीच्या तोंडावर जाळी बसवून घेतली. कबुतरं बाहेर, धूरही बाहेर!

दुसऱ्या दिवशी खिडकी आजोबांना भेटायला गेली. उशाशी त्यांचा मुलगा बसला होता. तिला बघून तो उठला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर गेला.

"वृद्धाश्रम रद्द," आजोबा मिस्कील हसले. "मग? तू अशी गप्प का?"

खिडकी चादरीची कड चुरगळत राहिली. "आजोबा, तुम्हाला तेव्हा कसं वाटलं?"

"झोप आल्यासारखं. तुला?"

"मलाही." हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "दुखलं नाही काही. उलट बरं वाटत होतं. आईची, शेपटाची, कुणाचीच आठवण आली नाही. मला त्याचीच भीती वाटते. इतकं सोपं होतं ते."

आजोबांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "मलाही मुलाची आठवण आली नाही बघ. म्हणून काय तो माझा लाडका नाही? ते त्या विषारी हवेचं काम होतं, बाळ. तुझं मन नव्हतं ते. तुझं मन काल भोंगा घेऊन जिना चढत होतं."

तिने आजोबांच्या चादरीत तोंड खुपसलं आणि पोटभर रडली. आजोबांनी तिला रडू दिलं.

रविवारी अंगणात सगळी इमारत जमली. सेक्रेटरीकाकांनी घसा खाकरला. "चूक माझी होती. मुलीने मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. या तीन मुलांनी..."

"साहसी मुलांनी," वकिलाने दुरुस्ती केली.

"साहसी मुलांनी आपले जीव वाचवले. आजपासून या मुलांनी काही सांगितलं तर..."

"भ्यांऽऽऽ!"

काकूच्या कडेवरचं बाळ एकाएकी असं काही भोकाड पसरून रडू लागलं, की भाषण जागच्या जागी बुडालं. जो तो त्याला गप्प करायला धावला. कुणी चुटक्या वाजवल्या, कुणी किल्ल्या खुळखुळवल्या. बाळाने आणखी वरचा सूर लावला.

काकूने सरळ ते बाळ खिडकीच्या हातात दिलं. लालबुंद, घामेजलेलं, हातपाय झाडणारं. काकूचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"अगं, थोपट त्याला!" कुणीतरी ओरडलं.

खिडकीने त्याला छातीशी धरलं. त्याचं इवलंसं पोट दर हुंदक्यागणिक हवेने टम्म भरत होतं.

"नको," ती म्हणाली, "रडू दे त्याला. छान रडतोय!"