डाव्या सीटचं वजन

गाडीची चाल बसवायची तर ती चालवणार कोण हे आधी ठाऊक हवं, असं शिगेता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असे. चालवणाऱ्याला सीटवर बसवायचं, चारही चाकांखाली एकेक वजनकाटा ठेवायचा आणि आकडे बघत स्प्रिंगांच्या चकत्या फिरवायच्या. जपानमधल्या गुन्माच्या डोंगरात, घाटाच्या तोंडाशी त्याचं गॅरेज होतं. हातचं राखून काम करणं त्याच्या रक्तात नव्हतं आणि गोड बोलणंही नव्हतं.

पितर घरी येऊन परत जातात तो ओबोनचा सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चिहारू गाडी घेऊन आली. दोन सीटची ही लाल गाडी तिच्या भावाची, नाओयाची. वसंतात तो आजारपणात गेला. शेवटी नुसती हाडं उरली होती. शिगेताचा त्या पोरावर फार जीव होता.

"काका, उजव्या वळणावर ही डावीकडे लोळते. आतलं चाक नुसतंच गरगरतं. काल दरीच्या कठड्याला घासता घासता वाचले."

"मग हळू चालवावी माणसानं."

"हळूच होते."

"दुसरी गाडी घे पोरी. ही जीव घेईल."

"दादाची गाडी मी सोडणार नाही," ती म्हणाली. शिगेतानं पान्हा उचलला. नाही म्हटलं तरी ती त्याच गाडीनं घाटात जाणार, हे त्याला कळून चुकलं.

त्यानं चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल उघडला. आतल्या क्लचच्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या. शॉक ॲब्सॉर्बर काढून दाबून पाहिले, चारही सारखे. शेवटी चिहारूला सीटवर बसवून गाडी काट्यांवर घेतली. डावी बाजू भलतीच जड निघाली.

"तिकडे काय ठेवलंयस? तांदळाचं पोतं?"

"काही नाही, काका."

खरंच काही नव्हतं. ती उतरली तरी डावीकडचा भार तसाच. शिगेतानं डावी सीट बोल्ट काढून बाहेर ठेवली. आकडा सरळ झाला. सीट परत बसवली, बोल्ट आवळले. क्षणभर काहीच झालं नाही. मग आकडा हळूहळू चढू लागला, आजारी माणूस हाताचा आधार घेत टेकतो तसा.



बार्लीचा चहा घेऊन आलेली त्याची बायको तोमोए तो आकडा बघत उभी राहिली. "चिहारू," तिनं हळूच विचारलं, "वांग्याची गाय केली होतीस ना गं?"

"काकडीचा घोडा केला."

"तो यायला. धावत यावं म्हणून. परत जायला गाय लागते."

"इतक्या लवकर कसं पाठवू त्याला?" चिहारूचे डोळे भरून आले. कुणी तिला बोल लावला नाही.

तोमोएनं नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, तिला समजवा. काट्यांशी काय खेळत बसलात?"

"जे बसतात त्यांच्यासाठी गाडी बसवायची. एवढंच मला येतं," शिगेता म्हणाला. दोघांचा भार धरून त्यानं स्प्रिंगांच्या चकत्या फिरवल्या, डिफरन्शियलची पकड वाढवली. आता निदान पोरगी दरीत जाणार नाही. गाडी घाट चढू लागली तेव्हा तिचा आवाज इतका एकसंध होता की त्याचं मन भरून आलं.

नव्यानं बसवलेल्या स्प्रिंगा थोड्या दबतात; पुन्हा तपासावं लागतं. महिन्यानं चिहारू आली. चेहरा फिकट, पण हसरा.

"लोण्यासारखी वळते, काका. मला काही करावंच लागत नाही."

त्यानं गाडी काट्यांवर घेतली. ती सीटवरच बसून राहिली.

डावीकडचा आकडा वाढला होता. आजारपणाआधी नाओयाचं जे वजन होतं, ते. शिगेताला ते तोंडपाठ होतं; त्याच वजनावर त्यानं पूर्वी ही गाडी बसवली होती.

"दादाची तब्येत सुधारली ना?"

"हो," तो म्हणाला.  आता कुठे त्याची नजर उजवीकडच्या आकड्याकडे गेली. तिथे रिकाम्या गाडीइतकाच भार दिसत होता.

"पोरी, जरा उतर बघू खाली."

ती उतरली. दार लावून बाजूला उभी राहिली.

उजवीकडचा आकडा हलला नाही.