गुंडूच्या चायनीज गाडीवरचा उजेड

भुताच्या गोष्टी सांगणारे निम्मे लोक थापा मारतात. उरलेल्यांनी ती गोष्ट दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली असते.

ही मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्यावरच गुदरलेली आहे. या वयात खोटं बोलून मला काय मिळणार?

साल १९८६. भाद्रपद महिना. कोल्हापूर, लक्ष्मीपुरीचा बाजार. वेळ संध्याकाळी सहा पंचवीस.

निदान माझ्या घड्याळात तरी तेवढेच वाजले होते...

मी भूपाल. आमचं गाव हातकणंगल्याजवळ. जैन घर, थोडी शेती. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या दुकानात कामाला होतो.

त्या महिन्यात आईला विषमज्वर झाला. गावात उतार पडेना म्हणून कोल्हापुरात एका दवाखान्यात ठेवली. सोळा दिवस ताप हटत नव्हता. वडील आधीच गेलेले. आईशिवाय मला दुसरं कोण होतं?

आई नियमाची पक्की. दिवस मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. लग्न होऊन आल्यापासून एकदाही मोडलेलं नाही. तापात फणफणत असतानाही तेच. डॉक्टर कपाळाला हात लावायचे.

मग मीही मंदिरात मुनी महाराजांपुढं उभा राहून नियम घेतला. आई बरी होईपर्यंत दिवस मावळल्यावर तोंडात काही घालणार नाही.

शहरात आल्यापासून मी जरा सैल सुटलो होतो. पण आता त्या नियमाला आईचा जीव बांधलाय, असं मी मनापासून धरून चाललो होतो.

आता माझी खोड सांगतो.

बाजाराच्या टोकाला गुंडूनं चायनीजची गाडी लावली होती. तीन बाजूंना लाल कापड, त्यावर ड्रॅगन म्हणून काढलेली कसलीशी घोरपड, आत दोन बाकडी. कोल्हापुरात तेव्हा हे नवीनच. गुंडू भलीमोठी कढई जाळावर धरायचा. कोबी, नूडल्स, लाल सॉस आणि वरनं मिरच्या बुडवलेलं व्हिनेगर. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा नाकाडोळ्यांतनं पाणी आलं आणि मी लगेच दुसरी प्लेट मागितली.

चातुर्मासात आमच्या घरात कोबी, कांदा, लसूण, काहीच चालत नाही. पण मी नियम घेतला होता दिवस मावळण्याचा. कोबीचा कुठं घेतला होता? पोटासारखा वकील दुसरा नाही.

सहाला दुकानातनं सुटलो की पळत गाडीवर जायचो. कॅलेंडरात सूर्यास्त सहा पस्तीसचा. त्याच्या आत खाऊन, चूळ भरून आईकडं.

त्या दिवशी मालकानं ट्रक उतरवायला थांबवून घेतलं. सकाळी दोन भाकरी खाल्लेल्या, त्यावर काही नाही. पोटात कावळे ओरडत होते. आता उद्या सकाळपर्यंत उपास, असं म्हणतच मी बाजारात शिरलो.

गाडीजवळ आलो, तर छान ऊन पडलेलं.

बाकड्यावर ऊन. कढईवर ऊन. गुंडूच्या पाठीवर ऊन.

घड्याळ बघितलं. सहा पंचवीस. हुश्श झालं.

बाकड्यावर एक म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, पांढरा सदरा, मांडीवर रिकामी प्लेट. माझ्याकडं न बघताच म्हणाला,

"बसा पावणं. अजून दिस हाय."

मी बसलो. गुंडूनं प्लेट पुढं ठेवली. खायला लागलो...

आणि लक्षात आलं, कढईचा आवाज येत नाही.

जाळ होता. गुंडूचा हात हलत होता. उलथनं लोखंडावर आपटत होतं. पण आवाज नव्हता.

शेजारच्या पिंपळावर त्या वेळेला साळुंक्यांचा नुसता कल्ला असतो. त्या दिवशी एक पाखरू ओरडत नव्हतं.

मी खाली बघितलं...

एवढं ऊन होतं, पण बाकड्याची सावली पडली नव्हती. माझीही नव्हती.

हातातला घास तसाच राहिला. म्हाताऱ्याकडं वळून विचारलं, "बाबा, किती वाजलं?"

"खावा की. अजून दिस हाय."

त्याचं तोंड हललं नव्हतं.

मी प्लेट टाकून उठलो. लाल कापड सारून बाहेर पाऊल टाकलं.

बाहेर अंधार होता.

दुकानांतनं दिवे लागलेले. सायकलच्या घंट्या, हमालांच्या हाका, सगळा आवाज एकदम कानात घुसला. समोर बनाबाई फुलं विकायची. तिला विचारलं, "मावशी, किती वाजलं?"

"आठ व्हायला आलं की. तुला काय झालंय? तोंड बघ कसं पांढरं पडलंय."

घड्याळ कानाला लावलं. टिकटिक चालू होती. काटे मात्र सहा पंचवीसवरच.

दवाखान्यात पळालो. आईचा ताप एकशे चारवर गेला होता. नर्स म्हणाली, "दिवसभर बऱ्या होत्या. सातनंतर अचानक चढला."

दुसऱ्या दिवशी दुपारीच गुंडूला गाठलं. तो कोबी चिरत बसला होता.

"गुंडू, काल मी कवा आलतो?"

"सात वाजून गेलतं. चांगला अंधार पडलाता."

"आणि तो म्हातारा?"

"कुठला म्हातारा? बाकड्यावर तू एकटाच हुतास."

मग त्यानं सुरी खाली ठेवली.

"एक सांगू का? काल तू तीन प्लेटी खाल्ल्यास. मी म्हटलं, भूपाल, तुझा नियम हाय न्हवं, दिस मावळलाय. तर माझ्याकडं न बघता म्हणालास, वाढ की, अजून दिस हाय."

मी रिकाम्या बाकड्याकडं बघितलं.

"आवाज तुझा न्हवता," गुंडू म्हणाला.

मी नियम मोडला होता. आणि त्याची झळ आईला लागली होती.

त्या दिवशी कामावर गेलो नाही. चारपासून आईजवळ बसून राहिलो. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र निघाली तर बरं.

दिवस मावळायच्या आधी तिला पेलाभर पाणी पाजलं. दुसरा पेला भरला, तेवढ्यात सूर्य गेला. माझ्या डोळ्यांसमोर गेला. आईनं मान फिरवली. पेला माझ्या हातातच राहिला.

खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. आई ग्लानीत होती. खोलीत आम्ही दोघंच.

किती वेळ गेला, माहीत नाही...

डोक्यावरच्या पंख्याचा आवाज थांबला.

वर बघितलं. पंखा फिरत होता.

खिडकीतनं ऊन आत येत होतं. पिवळं ऊन. आईच्या तोंडावर, चादरीवर, माझ्या हातातल्या पेल्यावर.

आईनं डोळे उघडले. ती माझ्या खांद्यावरनं मागं बघत होती.

"त्यांस्नी बसायला दे," म्हणाली.

माझ्या मागं कुणी नव्हतं. म्हणजे मी वळून बघितलंच नाही. खरं ते सांगतो, धीर झाला नाही.

"ते म्हणत्यात, अजून दिस हाय," आई म्हणाली. "पाणी दे रं बाळा. घसा वाळून गेलाय."

तिचे ओठ फुटले होते. पेला भरलेला होता. ऊन तर समोर दिसत होतं. क्षणभर वाटलं, मला डुलकी लागली असेल, सकाळ झाली असेल. द्यावं पाणी.

मग खाली बघितलं. कॉटची सावली नव्हती.

"मावळला, आई," मी म्हटलं. "मी बघितलाय मावळताना."

"व्हय?" तिनं ओठांवरनं जीभ फिरवली. माझ्याकडं कितीतरी वेळ बघितलं. "मग नको."

तिनं डोळे मिटले आणि उजेड गेला. पंखा पुन्हा घरघरायला लागला. मी तो पेला दोन्ही हातांत धरून उजाडेपर्यंत बसलो. मनात एकच, तहानेनं जाते की काय. आपल्या हातात पाणी असून आईला नाही म्हणणं काय असतं, ते मला विचारा.

सकाळी सहा वाजता ताप उतरला. अंगाला दरदरून घाम. डॉक्टर बघून गेले, म्हणाले, "वाचल्या."

मी रडलो. लाज नाही वाटत सांगायला.

सूर्य चांगला वर आल्यावर पेला तिच्या ओठांना लावला. तिनं हातानं बाजूला केला.

"आता नको. रात्री पोटभर पाजलंस की."

पेला काठोकाठ भरलेला होता.

रात्रभर त्या खोलीत तिसरं कुणी आलं नव्हतं. मी झोपलो नव्हतो. तिचे ओठ मात्र ओले होते. उशी गळ्यापाशी भिजलेली होती. नर्स म्हणाली, घाम आहे. असेल.

मग आईनं माझं मनगट धरलं. तापातनं उठलेल्या बाईला एवढी ताकद कुठनं आली कुणास ठाऊक.

"भूपाल, पाजलंस तवा दिस हुता न्हवं?"

मी तिच्याकडं बघितलं. बत्तीस वर्षं पाळलेला नियम तिच्या डोळ्यांत होता.

"व्हय आई," मी म्हटलं. "हुता."

ती समाधानानं झोपली.

त्यानंतर आई चौदा वर्षं जगली. येईल त्याला सांगायची, विषमज्वरात मरायला टेकले, पण नियम मोडला नाही. लोक हात जोडायचे. ती सांगायला लागली की मी काहीतरी काम काढून बाहेर जायचो.

तिला ते पाणी कुणी पाजलं, मला माहीत नाही. गाडीवर तीन प्लेटी खाल्ल्या, तेही मला कुठं माहीत होतं? ती वाचली ती त्या पाण्यानं वाचली का, हेही कधी कुणाला विचारता आलं नाही.